हलवायचं नाही

लग्न सेलूचं. वरात पारापाशी आली
अन् खिशात फोन थरथरला.
कोट उतरवायलाही थांबलो नाही.
लाल कोट, खांद्याला सोनेरी झालर,
सहा पितळी बटणं, त्यातलं एक गळालेलं,
तसाच चढलो परभणीच्या गाडीत.

गफूरमामा दवाखान्यात.
जन्मभर क्लॅरिनेट फुंकलेला माणूस
नळीतून श्वास घ्यायलाय,
आणि डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर असं नाव लिहिलंय
जे मला जिना उतरेपर्यंत पाठ होईना.
‘पॉलिमिक्सिन बी. बाकीची सगळी हरलीत.
सकाळच्या आत आणा. थंडात आणा.’

स्टेशन रोडच्या पहिल्या दुकानात
पोरानं चिठ्ठीआधी माझा कोट वाचला.
‘वरात कुणाची?’
दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर बोटं वाजवली, मान हलवली.
तिसरा म्हणाला, त्याच्यासारखंच दुसरं देतो,
अन् गोळ्यांचं पाकीट पुढं सरकवलं.
चौथ्याचं शटर अर्ध्यावर आलेलं,
वाकून विचारलं,
वाकूनच ‘नाही’ ऐकलं.
नानलपेठ. गांधी पार्क. जिंतूर रोड.
खोकल्याच्या बाटल्या वऱ्हाडासारख्या
नटून ओळीनं उभ्या,
कामाची एक नाही.

एका म्हाताऱ्यानं मात्र चिठ्ठी दिव्याखाली धरली.
नांदेडला फोन लावला, लातूरला लावला,
अंबाजोगाईच्या कुणा भाच्याला झोपेतून उठवलं.
तेवढ्यात त्याच्या चहावर साय धरली.
‘पूर्णेला जा,’ म्हणाला, ‘यार्डाच्या अंगाला.
सोनटक्केबाईंकडं चार आहेत.
घरावरची बेल दाबा, दाबत राहा.’

पूर्णेला इंजिनं उभ्या उभ्या घोरत होती.
बाई खाली आल्या, स्वेटर उलटा घातलेला.
फ्रिज उघडला:
दह्याचं भांडं, ओल्या फडक्यातला गजरा,
मागं इन्सुलिनच्या शेजारी पांढरा डबा.
‘सहा मागवल्या होत्या एका घरानं.
दोनच नेल्या.’
मी पुढं विचारलं नाही.
त्यांनी तारीख दोनदा वाचली, बिल हातानं लिहिलं.
‘दोन दिवस निघतील. तोवर नांदेडहून बाकीच्या मागवते.’
सहाशे कमी पडले.
‘असू द्या,’ त्या म्हणाल्या, ‘कोटावरून ओळखीन.’

रसवंतीवाल्याला हलवून उठवलं, बर्फ घेतला.
थर्मास बाईंचाच. झाकण लावताना म्हणाल्या,
‘जपून हं. हलवायचं नाही.’

बाई, मी बँडात तीस वर्षं
एकच वाद्य वाजवतो.
खुळखुळा.
(हे मनातच म्हणालो.)

परतीच्या गाडीत दाराशी उकिडवा बसलो,
थर्मास दोन मांड्यांत आवळून.
मिरखेलच्या अलीकडं रूळ बदलला, डबा डोलला,
आत बर्फ वाजला, खुळ् खुळ्,
मनगट आपसूक उठलं
अन् मी ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.
समोरचा पोलीस म्हणाला, ‘काय हो बँडवाले, काय त्यात?’
मामाचा श्वास, असं ओठावर आलतं.
फारच सिनेमातलं वाटलं.
‘औषध,’ म्हणालो.

बारा दिवसांनी पूर्णेला गेलो,
थर्मास घासूनपुसून, सहाशे रुपये वेगळ्या खिशात.
साध्या शर्टात होतो. बाईंनी ओळखलं नाही.
‘काय पाहिजे?’
मी नुसतंच मनगट हलवलं, रिकामं, हवेत.
त्यांना काहीच कळलं नाही. मग थर्मास दिसला.

जरा वेळ त्या झाकणाकडंच बघत राहिल्या.
मग हळूच: ‘मामा?’

मामांना दवाखान्यानं एक खेळणं दिलंय,
तीन नळ्या, तीन चेंडू.
श्वास ओढायचा, चेंडू वर गेले पाहिजेत.
रात्रभर सनई धरणारा माणूस
त्या प्लॅस्टिकपुढं घामाघूम होतो,
मला म्हणतो, ‘दिग्या, सूर लागंना रे.’

‘किती चेंडू उचलतात?’ बाईंनी विचारलं.
‘एक,’ म्हणालो. ‘दुसरा तळाशीच
नुसता हलायलाय.’

‘हलू द्या,’ त्या म्हणाल्या,
आणि सहाशे मोजून घेतले.