पानांचं काय करता

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते:
खेळातली द्राक्षं तीन दिवसांत पिकतात
हा शुद्ध चावटपणा आहे.
ना डाउनी, ना भुरी,
ना थिनिंगला बाया मिळत नाहीत म्हणून पहाटे फोन.
घड तोडा, नाणी खण्ण, झोपा.

दिवसभर मी पिंपळगावच्या पॅकहाउसात मणी मोजते.
अठरा मिलिमीटर असला तर युरोप,
सोळा असला तर आखात,
त्याखालचा रविवार कारंजावर, हातगाडीवर.
आणि खरं सांगू? गोड तोच असतो.
हेही माझं मत, कंपनीचं नाही.

रात्री अकराला हिरावाडीत, गच्चीवरच्या खोलीत,
कानाला हेडफोन लावून मी पुन्हा शेतीच करते.
आई म्हणते, बत्तीस वर्षांची घोडी झालीस.
भाऊ म्हणतो, निदान गोळ्या तरी झाड.
गोळ्यांचे खेळ मला आवडत नाहीत. तत्त्वबित्त्व काही नाही.
मेलेला माणूस दहा सेकंदांत परत येतो
आणि पुन्हा तीच चूक करतो,
त्याचा वैताग येतो.

माझी भागीदारीण नायला. लेबनॉनची, गाव झाहले.
तिच्याकडेही द्राक्षं आहेत, खरीखुरी.
इंग्रजी दोघींचं तोडकं, त्यामुळे भांडण लांबत नाही.
जगातल्या मोठ्या लोकांचं इंग्रजी फारच चांगलं आहे,
घोळ तिथेच असावा.

ती कोंबड्यांची नावं ठेवते,
मी कोंबड्यांना नावं ठेवते.
ती "इन्शाअल्ला" म्हणते तेव्हा मला लगेच कळतं
की हे काम होणार नाही,
कारण आपलं "बघू" अगदी तसंच.
रॉटरडॅमच्या खरेदीदाराला "बघू" कळत नाही.
तो विचारतो, म्हणजे हो की नाही?
बिचारा.

एकदा तिने विचारलं, पानांचं काय करता?
म्हटलं, शेळ्यांना. उरलेली बांधावर.
ती बराच वेळ गप्प. मग हसली, मग हसू थांबेना.
त्यांच्याकडे द्राक्षाच्या पानात भात गुंडाळतात,
वर लिंबू पिळतात,
लग्नालाही तेच आणि आजारपणातही.
म्हटलं, आम्ही अळूचं करतो तसं काहीतरी.
मग अळू म्हणजे काय, खाजतं म्हणजे काय,
हे समजावता समजावता आमची वांगी वाळून गेली.
ऑनलाइन खेळाला पॉज नसतो.

"लाइट गेली," मी लिहिते. शनिवार, मेंटेनन्स.
"लाइट गेली," ती लिहिते.
मी कारण विचारत नाही.

यंदा कंटेनर तांबड्या समुद्रातून जात नाहीत,
सगळ्या आफ्रिकेला वळसा.
साहेब भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून दाखवतात,
म्हणतात, गायधनी मॅडम, बघा आता,
जसं काही मीच वाट अडवून बसलेय.
जगाचं राजकारण मला देठावरून कळतं.
तिकडे पोचल्यावर काढलेल्या फोटोत देठ हिरवा असेल तर बरं चाललंय,
तपकिरी असेल तर
कुणीतरी कुणावर काहीतरी टाकलंय.

नायला नऊ दिवस आलेली नाही.
तिच्या वाट्याचं पाणी मीच घालते,
द्राक्षं दर तीन दिवसांनी पिकतात, मेली, थांबतच नाहीत.
कोंबड्यांना आता नावाने हाक मारावी लागते,
नाहीतर दाण्याजवळ येत नाहीत.
असं खेळात काही नाही. मलाच वाटतं.

बागेतली पानं नकोत. फवारणीचे रिपोर्ट मीच वाचते.
पण शेजारच्या चव्हाणके काकांच्या पत्र्यावर
एक नुसताच वेल चढलाय,
औषध माहीत नाही, द्राक्षही फारसं माहीत नाही.
आज त्याची कोवळी अकरा पानं मागून आणली.

काका म्हणाले, काय गं, शेळी पाळलीस का?
म्हटलं,
बघू.