नाकासमोरची वाट

ट्रॉम्सोत या महिन्यात दुपारी एकलाही दिवे लागतात.
पडद्यावर बोर्गहिलचं डोकं, काप काप,
कपाळामागे बरोबर मधोमध
लिंबाएवढी गाठ,
दृष्टीच्या नसांवर रेललेली.

आस्लाक म्हणतो, नाकातून जाऊ.
दुर्बीण सरळ, मेंदूला बोटही लागणार नाही,
गाठीचं मूळच आधी हाती येईल.
फक्त वास जाईल. दोन्हीकडचा, कायमचा.

मी म्हणतो, भुवईतून.
केसांच्या रेघेत चीर, कवटीत लहानशी खिडकी.
मेंदू किंचित उचलावा लागेल,
एखादा कण मागे राहीलही,
पण उजवी गंधनस वाचेल. कदाचित.

('कदाचित' मी दिवसातून किती वेळा
साबणासारखा वापरतो.)

कारण बाई कामाला लोफोटेनला,
वाळवलेल्या कॉडच्या गोदामात. एकतीस वर्षं.
मासा उचलायचा, पोटाशी नाक न्यायचं,
आणि वीस ढिगांपैकी एकावर टाकायचा.
हा इटलीला. हा नायजेरियाला.
तिच्या नाकावर व्यापारी डोळे मिटून पैसे मोजतात.

म्हणून भुवई. उद्यासाठी
जांभळी रेघही मारून झाली.

"डॉक्टर, ती बरणी," ती म्हणाली,
"परवा नाकाखाली धरलीत ती.
कॉफी मी ओळखली नाही. बिया वाजल्या."

आयुष्यभर नाकासमोर चाललेली बाई,
खोटं सांगायची सवय नव्हती,
तळहात मांडीवर घासत राहिली.

"दोन हिवाळे झाले. मासा ठोकून बघते.
नीट वाळला असला की लाकडासारखा बोलतो.
बुरशी रंगावरून कळते.
बाकी आठवणीवर.
एकही ढीग परत आला नाही अजून.
डोळे तेवढे ठेवा.
नाकातून जा खुशाल,
तिथे आता कुणी राहत नाही."

आस्लाक जिंकल्यासारखा दिसला नाही.
खुर्ची ओढून त्यानं स्कॅन
पुन्हा पहिल्या कापापासून लावला.
माझा तो सगळा नाजूक हिशेब
नसलेलं वाचवण्याचा.

मी स्पिरिटचा बोळा घेतला,
भुवईवरची रेघ पुसू लागलो.
तिच्या नाकपुड्या फुलल्या, सवयीनं.
"कसा असतो हो, याचा वास?"
मला पटकन सांगता येईना.
"गार," मी म्हणालो.
"ते कळतंय," ती म्हणाली.