डगर

सात दिवस वर, सात दिवस खाली.
वर म्हणजे खाण: तीन हजार मीटर,
डोकं धरतं, ओठ फुटतात, पगार वेळेवर.
खाली म्हणजे कलामा, बस स्टँडमागची खोली,
एक शेगडी, एक लॅपटॉप,
आणि भूजलावरचा माझा प्रबंध,
जो गेल्या मार्चपासून
तिसऱ्या प्रकरणात फतकल मारून बसलाय.

फी कंपनी भरते.
आईला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, बरं झालं.
मग थोडं थांबून,
आणि तू काय भरतेस?

विहीर क्रमांक अकरा.
वर चढले की पहिल्या दिवशी मी तिच्यात टेप सोडते.
टोक पाण्याला टेकलं की टीं वाजतं.
ते टीं दर खेपेला
जरा उशिरा वाजतं.
माझा शोध एवढाच.
बाकीची दीडशे पानं त्या उशिराचा हिशेब.

येर्को साहेब वाईट माणूस नाही.
पहिल्या हिवाळ्यात त्यानंच मला
अंगावरचं जाकीट काढून दिलं होतं.
खुर्ची ओढून बसला, म्हणाला, यास्ना,
प्रबंधात हवं ते लिही,
फक्त विहिरीचा क्रमांक नको.
जणू पाणी कुठूनही आटू शकतं,
गावाचं नाव न घेता.

प्राध्यापक मार्दोनेसबाईंनी चष्मा पुसला.
आधी पदवी घे, मग खरं बोल,
पदवीनंतर खऱ्याला वजन येतं.
(त्यांच्या खोलीतल्या कपाटात
वजनदार प्रबंध छतापर्यंत होते.)
दोघांचाही सल्ला एकच,
दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, पोरी,
मधोमध पडशील.

ऑक्टोबरात गावचा पाट उपसतात.
घरटी एक माणूस. हजेरीला मामा, हातात वही.
न येणाऱ्याला दंड.
दोन वर्षं मी दंड पाठवला,
मोबाइलवरून, पावतीसकट.
मामानं माझ्या नावापुढे लिहिलं: पैसे.
बाकीच्यांपुढे: फावडं.

यंदा पाळी बदलून घेतली. बोनस गेला.
चौथं प्रकरण द्यायची तारीख त्याच आठवड्यात,
तीही गेली.
कारण विचारलं तेव्हा म्हटलं, घरगुती.
नीट असं मलाही ठाऊक नव्हतं.

गाळ गुडघाभर. मी काठावर उभी,
फावडं पोचेना.
मामा ओरडला, तिथून काय उपसणार, कपाळ?
एक पाय या डगरीवर, एक त्या.
हं, आता वाक.
वाकले.
आणि मान वळवून बघितलं तर
वळणापर्यंत अख्खं गाव तसंच उभं,
दोन डगरींवर पाय,
शिव्या देत, कोकाची पानं चघळत,
मधून पाण्याला वाट करून देत.
शेजारची सत्तरीची एउलोहिया
एकदा खरंच पडली मधोमध.
हसलो. उठवली. ती पुन्हा उभी राहिली.

कंबर चार दिवस धरली होती.

खोलीवर येऊन तक्ता उघडला.
रकाना: विहीर.
अकरा लिहिलं. खोडलं.
जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली,
थंडी नव्हती तरी.
पुन्हा लिहिलं.
अजून कुणाला पाठवलेलं नाही.

आज वर चढले.
वारा इतका की टेप तिरकी जाते.
विहिरीच्या तोंडावर पाय फाकून उभी आहे,
मीटर मोजत,
अजून वाजलं नाही,
अजून नाही.