फलाट क्रमांक दोन

उदगीरला, देगलूर रोडच्या आतल्या गल्लीत
बस्वराज हत्ते यांच्या घरी
मे महिन्यातल्या दुपारी मी भिंतीला भोक पाडत होतो.
भिंत काळ्या दगडाची. ड्रिलचं टोक तापून निळं पडलेलं.
खाली शहाबादी फरशीवर तौफिक पाणी मारत होता,
धूळ बसावी म्हणून.

अप्पांची अडचण एवढीच:
टेप, अ‍ॅम्प्लिफायर, डिशचा डबा, सगळं पुढच्या खोलीत,
आणि महानंदाबाई मागं, स्वयंपाकघरात.
मधे बारा पावलं, दोन भिंती.
त्यांनी स्वतःच एकदा साधी वायर ओढली होती
लाइटच्या पट्टीला लागून.
तेव्हापासून आतल्या स्पीकरात
डब्यात भुंगा कोंडल्यासारखी घूंऽऽ.
फ्रिज सुरू झाला की भुंगा आणखी माजायचा.

म्हणून मी नेटची केबल आणली. कॉम्प्युटरला असते तीच.
अप्पांना पटेना.
"हिच्यातून चित्र जाईल? आवाज जाईल? कसा?"
टोक सोलून दाखवलं: आठ तारा, चार जोड्या,
प्रत्येक जोडीला पीळ.
"पीळ कामून?"
एक तार जे म्हणते, अप्पा, दुसरी त्याच्या उलट म्हणते.
बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो.
शेवटाला वजाबाकी केली की गोंगाट जातो,
बोलणं राहतं.
आतून आवाज आला,
"एकानं म्हणायचं अन् दुसऱ्यानं उलटं?
मग ही लाइन आमच्या घरात कवाच टाकलेली हाय की!"

तौफिक पाढे म्हटल्यासारखा पुटपुटत तारा लावत होता,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा...
टेस्टरवर दिवे पळाले. एक ते पाच,
मग सात, आठ.
सहावा लागलाच नाही.
टोक छाटलं. चार बोटं केबल वाया.
ती त्यानं खिशात घातली,
बहिणीला अंगठ्या वळून देतो म्हणाला.

दुसऱ्यांदा आठही लागले.
अप्पांनी कपाटातून कॅसेट काढली,
निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी भरून दिलेली.
आणि पुढच्या खोलीत एक तरणा, खणखणीत गळा उठला,
"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे.
उदगीर, मुखेड, नांदेड जाणारी गाडी
फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."
आणि पापणी लवायच्या अंतरानं
तेच, मागच्या खोलीत.

महानंदाबाई हसल्या.
"माझ्याकडं गाडी उशिरा लागायली."
मग लाटणं हातात धरूनच दारात आल्या.
"ह्यो आवाज तुमचा?
मला कधी ठावंच नाही.
घरी यायचे तवा घसा बसलेला असायचा.
भाजी वाढू का म्हटलं तर नुस्ती मान."

अप्पा कॅसेटच्या रिकाम्या डबीवरचं
पुसट झालेलं नाव वाचत राहिले.

मी म्हणालो, आवाजाची पुडकी बांधून पाठवावी लागतात,
तिकडं ती सोडावी लागतात, त्यात वेळ जातो.
मागच्याला घाई करता येत नाही.
जुळवायचं तर पुढच्यालाच जरा थांबवायचं.
"किती?"
सेकंदाचा दहावा हिस्सा. तेवढाही नाही.
"थांबव," अप्पा म्हणाले.

सेटिंग केलं. कॅसेट मागं घेतली.
तौफिक मधल्या बोळात उभा राहून सांगू लागला,
"उस्ताद, समझताच नहीं किधर से आरा."
गाडी दोन्हीकडं एकदमच लागली.

तेवढ्यात फ्रिज सुरू झाला.
आम्ही चौघंही स्पीकरकडं बघत राहिलो.
अहमदपूरची गाडी आली. मग मुक्रमाबादची.
भुंगा काही आला नाही.

महानंदाबाईंनी तव्याखालचा गॅस बारीक केला.