गुण्या आणि ओळंबा

दीडशे वर्षं पुरी होतायत, म्हणाले दिवेचा,
छोटीशी पुस्तिका हवी, चाळीस पानं, फोटोंसकट.
तुम्ही दप्तरखान्यात होतात, जुनं अक्षर तुम्हाला लागतं.
मी मानधनाचं विचारलं.
चहाबरोबर श्रूजबेरी आली.

कॅम्पात आम्ही पोरं या वास्तूला
भुताचा बंगला म्हणायचो.
सायकल तिथून नेताना घंटी वाजवायची नाही.
आत माणसं शवपेटीत निजतात,
बाहेर बोलेल त्याची जीभ कापतात –
असं सांगायचा अन्वर, ज्याचे वडील
महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मागच्या दारानं
सहा डझन पाव देऊन
जिभेसकट घरी यायचे.

पहिलं बुक कातडी बांधणीचं,
एक कोपरा वाळवीनं वाचून संपवलेला.
साहेबांची नावं, पलटणी, हुद्दे.
सभा उघडली, सभा मिटली, मेजवानी झाली.
पुन्हा उघडली, मिटली, मेजवानी.
प्लेगच्या वर्षी एकच ओळ:
हजर तीन. दार उघडलं नाही.
आणि खाली, वेगळ्या हातानं, पेन्सिलीत –
दिव्याचं तेल शिल्लक.

वकील गजानन टिपणिसांचं नाव तीनदा आलं.
तीनदा पेटी फिरली,
पांढऱ्या गोट्यांत तीनदा एक काळी निघाली.
एक पुरते.
चौथ्यांदा ते आत गेले; त्याच पावसाळ्यात
कुणी एक मेजर बोटीनं मायदेशी गेला होता.
जोड मी लावली. बुक गप्प आहे.
पुढं आठ वर्षं पेटी टिपणिसांच्याच ताब्यात.
त्या आठ वर्षांत काळ्या किती पडल्या
ते मी मोजलं.
सांगणार नाही. गुपित मलाही ठेवता येतं.

मग सात वर्षांचं भोक.
बुकं सेक्रेटरी मेहेंदळ्यांच्या घरी, नारायण पेठेत,
आणि धरण पानशेतला.
पुढच्या बुकाची सुरुवात अशी:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करता आले नाही,
कारण ते नदीत आहे.
एवढं एक वाक्य पुस्तिकेत घ्या, म्हटलं.
दिवेचांनी चष्मा पुसला.

बांधकामाचा हिशेब शेवटी सापडला.
दगड, चुना, वाळू, सागवान, बिजागऱ्या,
प्रत्येकाची रक्कम, पै-पैसकट.
मजूर – एकूण.

ऑगस्टात मागची भिंत फुगली
तेव्हा तिम्मा धोत्रे आला, पोराला घेऊन.
दारावरचा गुण्या नि कंपास बघत
बराच वेळ उभा राहिला.
हे आमचंच हापिस दिसतंय, म्हणाला.
दिवेचांनी त्याला समजावलं, अगदी मनापासून,
की गुण्या म्हणजे सचोटी, पाणसळ म्हणजे समता,
ओळंबा म्हणजे सरळ चालणं.
तिम्मानं सगळं ऐकून घेतलं.
मग पिशवीतून ओळंबा काढला, सोडला,
दोरी थांबेस्तोवर थांबला.
साहेब, दोन बोटं बाहेर हाय.

चार दगड उतरवले. एकाच्या पाठीवर
छिन्नीच्या तीन रेघा, एक टिंब.
मी विचारलं, देवाचं चिन्ह?
गवंड्याचं, तो म्हणाला.
कुणी किती दगड घडवले ते कळाया.
नायतर पैसं दुसराच नेतो.

मी फोटो काढला. पान एकोणचाळीसवर टाकू, म्हटलं.
दिवेचा वाईट माणूस नाही.
मला बरं वाटेल, म्हणाले, पण सभेपुढं ठेवावं लागेल.

म्हणजे पेटी फिरणार, येत्या दुसऱ्या शुक्रवारी.
मला बाहेरच्या बाकावर बसायला परवानगी आहे.

तिम्मानं दगड होते तसे बसवले,
खूण आत.
गिलावा परवाच झाला.