खोली

शांबा केंकरे निवृत्त होऊन चिखलीला परतला
तेव्हा गावानं त्याला विचारायचं बरंच साठवून ठेवलं होतं:
विमानतळाचं शेवटी काय ठरलं,
पंचायतीच्या दिव्यांचे पैसे कुणी खाल्ले,
कायतानची बोट बुडाली की विम्यासाठी बुडवली.
तो ऐकून घ्यायचा
आणि खुब्यांचा भाव विचारायचा.

पन्नास वर्षांपूर्वी ह्याच धक्क्यावरून
तो गाठी मारलेला सुंभ पाण्यात सोडायचा,
टोकाला आईच्या दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन.
मी वहीत उतरवायचो: दोन वाव, अडीच,
रेती, चिखल, चिखल.
एकदा वजन तळालाच राहिलं.
मार आम्ही वाटून खाल्ला.

पुढे नौदलानं त्याला पगार देऊन तेच काम दिलं.
पांढऱ्या जहाजातून तो समुद्राचा तळ मोजत हिंडला,
नकाशात नाव नसलेल्या खडकांना आकडे देत.
मग दिल्ली. पाटी नसलेली इमारत.
तिथे माणसांचा तळ.
एका सकाळी पेपरात फोटो,
देशाच्या हेरखात्याचा प्रमुख.
उमाबायनं तो बोटांनी चाचपला.
तोवर तिची नजर पुरती गेली होती.

"शांबाक कळता कामा नये," ती म्हणाली,
आणि सगळे गप्प राहिले,
पाववाला मिंगेलसुद्धा,
ज्याच्या भोंग्याआधी बातमी पोचायची.

पत्रं मी लिहायचो, ती सांगायची:
खिडकीतून मुरगावच्या जहाजांचे दिवे दिसतात,
काल रात्री अकरा मोजले.
आकडा ती दर वेळी बदलायची.
सात वर्षं. मग तार नव्हे, फोन गेला,
आणि तो आला चार तासांसाठी, दोन बंदूकवाल्यांसह.

आता तो तिच्याच खोलीत झोपतो.
खिडकी लावून.

परवा ओहोटीला आम्ही खुबे काढत होतो,
पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन म्हातारे.
मान वर न करता तो म्हणाला,
"पहिल्याच पत्रात कळलं होतं.
तुझा ळ शाळेपासून डावीकडे कलंडतो.
आणि त्या रात्री बंदरात चारच जहाजं होती."

"जहाजं मोजलीस," मी म्हटलं, "मग आला का नाहीस?"

त्यानं एक खुबा माझ्या पाटीत टाकला.
कमरेत वाकून बराच वेळ
पायाच्या बोटांनी चिखल चाळवत राहिला.
"काय शोधतोस?"
"अर्धा किलो," म्हणाला.

पाणी पोटऱ्यांना लागायला लागलं होतं.
आम्ही निघालो नाही.