हात बसणे

शेफील्डमधलं वाचनालय, मंगळवार.
मिसेस स्टॅनिफोर्थच्या हातात मी माझं ॲप दिलं,
दवाखान्याची वेळ घ्यायचं,
सतराव्यांदा बदललेलं.
अंगठा थरथरला. ‘पुढे’वर जाता जाता
‘रद्द करा’वर पडला.
"सॉरी हं, माझंच चुकलं."
मी वहीत लिहिलं: चूक माझी. बारा पिक्सेलची.

चहा घेताना त्या नवऱ्याबद्दल सांगत राहिल्या.
चाळीस वर्षं सुऱ्यांना धार लावली त्याने.
धार कधी डोळ्यांनी बघितली नाही,
नखावर टेकवायचा,
मान हलवायचा,
पुन्हा चाकावर धरायचा.
"सात वर्षं लागली हात बसायला.
तोवर बोटं कापली, ती वेगळीच."

रात्री शेवटची ट्राम गेल्यावर
तीन आठवडे जपलेली सावली मी पुसली,
आणि ते गिरक्या घेणारं चक्र,
ज्याला ऑफिसात टाळ्या पडल्या होत्या.
दोन बटणांमध्ये नुसती जागा सोडली.
फोन डाव्या हातात घेतला,
हात मुद्दाम थरथरू दिला,
मान हलवली.
पुन्हा.

पुढच्या मंगळवारी त्यांनी वेळ घेतली,
गुरुवार, सव्वादहा.
बटणाबद्दल अवाक्षर नाही.
चष्मा पुसत एवढंच विचारलं,
बाहेर अजून भुरभुर आहे का?